क्लच काही बोलत नाही!

क्लचची केबल तुटायच्या आधी कुरकुर करते. हायड्रॉलिक क्लच मात्र शेवटपर्यंत गप्प बसतो आणि नेमका गाटा लूप्सच्या वळणावर राजीनामा देतो. दादाची बाइक घेऊन लेहला निघाले, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तुम्ही निघण्याआधी माहीत करून घ्या!

अप्रेझल संपलं की पुण्यातल्या ऑफिसांच्या कॅन्टीनमध्ये एक ठरावीक वाक्य ऐकू येतं. 'यंदा लेह करायचंच यार!' मग व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, पंधरा जण ॲड होतात, गॉगलपासून जॅकेटपर्यंत सगळ्याच्या लिंक्स फिरतात आणि प्रत्यक्ष सुट्ट्या टाकायची वेळ आली की तीन जण उरतात. आमचेही तीनच उरले. मी फ्रीलान्सर. त्यामुळे मला बॉसच्या हातापाया पडायचं नव्हतं (बॉसच नाही, आणि अर्थात पगारही नाही!). बाकीच्या दोघांनी मात्र दिवाळीच्या सुट्ट्या पणाला लावून दहा दिवस मिळवले होते. हे दहा दिवस लक्षात ठेवा.

त्या दोघांकडे हिमालयन होत्या. माझ्याकडे कॉलेजपासूनची दीडशे सीसी. दादाकडे मात्र हजार सीसीची, व्ही-ट्विन इंजिनची टूरर. सेकंडहँड घेतलेली, सव्वादोनशे किलोची. वहिनीला बाळ झाल्यापासून ती बिचारी पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपलेली. 'घेऊन जा तूच. नुसती उभी राहून खराब होण्यापेक्षा फिरून येऊ दे तिला,' दादा म्हणाला. बाइकच्या कंपनीचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीची काहीच चूक नव्हती. चूक अस्सल घरगुती होती.

पहिल्यांदा तिचा क्लच दाबला तेव्हा मी प्रेमातच पडले. दोन बोटांत काम! माझ्या जुन्या बाइकवर नळ स्टॉपच्या सिग्नलपर्यंत पोहोचताना डावा पंजा भरून यायचा. इथे लोण्यात सुरी. 'हायड्रॉलिक आहे,' दादा रुबाबात म्हणाला. 'ॲडजस्ट करायची भानगडच नाही.'

ते खरंच होतं. घोटाळा एवढाच, की मी त्याचा अर्थ 'बघायची भानगडच नाही' असा घेतला.

टूरआधी मी सगळं केलं. इंजिन ऑइल, टायर, ब्रेक पॅड, चेन. ताम्हिणी आणि वरंध घाटात दोन वीकेंड प्रॅक्टिसही केली. तेव्हा एक गोष्ट जाणवली होती. कर्वे रोडला सिग्नलवर उभं राहिलं की न्यूट्रल पटकन लागायचा नाही. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी किंचित पुढे सरकू बघायची. मला वाटलं, मोठ्या गाड्यांची हीच नाटकं असतात.

नाटक नव्हतं, नांदी होती.

एकवीस वळणं आणि एक ढिला लिव्हर

सप्टेंबर २०२४. बाइक्स ट्रान्सपोर्टने चंडीगडला पाठवल्या, आम्ही मागून विमानाने. मनाली, मग ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला अटल बोगदा, तांडीच्या पंपावर टाकी फुल (पुढे लेहच्या जवळ जाईपर्यंत पंप नाही!), जिस्पाला मुक्काम. इथपर्यंत सगळं इन्स्टाग्रामसारखं.

दुसऱ्या दिवशी बारालाचा-लाच्या चढावर लिव्हर थोडा मऊ वाटला. हँडलला टेकायच्या जरासं आधी क्लच सुटायचा. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. सरचूला चहासाठी थांबलो तेव्हा न्यूट्रल लागेचना, शेवटी किल स्विच मारून गाडी बंद केली. तेव्हाही मी हसून फोटोच काढले.

सरचूपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर गाटा लूप्स सुरू होतात. एकाला एक चिकटलेली २१ हेअरपिन वळणं. तिथे एका ट्रकच्या क्लीनरचं स्मारक आहे, येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणि सिगरेटी ठेवून जातात. सातव्या की आठव्या वळणावर समोरून ट्रक आला, मी क्लच दाबला आणि लिव्हर सरळ हँडलला जाऊन चिकटला. विरोध शून्य. जणू पलीकडे काही जोडलेलंच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये धक्का देऊन बंद पडली. सव्वादोनशे किलो वजन, वर बॅगा, डाव्या हाताला दरी. पडले नाही, एवढंच नशीब.

आमचा आयटीवाला मित्र धापा टाकत आला. (तिथे सगळेच धापा टाकतात.) 'केबल बदलू या,' म्हणाला. त्याने आपल्या हिमालयनच्या केबलशेजारीच एक स्पेअर केबल टेपने चिकटवून ठेवली होती. शहाणा मुलगा. फक्त माझ्या गाडीला केबलच नव्हती.

तिघांनी मिळून गाडी वळवली आणि सरचूच्या दिशेने तोंड केलं. न्यूट्रलमध्ये उतारावर घरंगळू द्यायची, थोडा वेग आला की थेट दुसरा गिअर टाकायचा, एक झटका खायचा आणि मग त्याच गिअरमध्ये हळूहळू उतरत राहायचं. थांबायचं झालंच तर किल स्विच. पंचवीस किलोमीटर मी एकच प्रार्थना केली, की समोरून मेंढ्या येऊ नयेत.

त्या डबीत असतं तरी काय?

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. हे मला माझ्यासारखीलाच कळलंय.

केबलच्या क्लचमध्ये लिव्हर दाबला की तार ओढली जाते. हायड्रॉलिकमध्ये तारेऐवजी तेल असतं. हँडलवर डावीकडे छोटी डबी दिसते ना, तिच्याखाली मास्टर सिलिंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला पिस्टन तेल ढकलतो, ते होजमधून खाली इंजिनजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातं. तिथला पिस्टन एक दांडी ढकलतो, क्लच प्लेट सुट्या होतात आणि इंजिन आणि चाक यांचा काडीमोड होतो. लिव्हर सोडला की पुन्हा संसार सुरू.

हे चालतं ते एकाच गोष्टीवर. तेल दाबलं जात नाही, फक्त ढकललं जातं. हवा मात्र दाबली जाते. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की तुमचा अर्धा जोर तो बुडबुडा चेपण्यातच जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. मेकॅनिक लोक म्हणतात, 'क्लचला एअर धरलीय.' न्यूट्रल न लागणं, गाडी सिग्नलवर पुढे सरकणं, लिव्हर मऊ पडणं ही सगळी त्याचीच लक्षणं.

मग पुण्यात चाललेली गाडी तिथे का रुसली? उंचीवर हवेचा दाब कमी होतो. टांगलांग-ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथे तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो. दाब निम्मा झाला की अडकलेला बुडबुडा जवळपास दुप्पट फुगतो. शहरात खपून गेलेला बुडबुडा घाटमाथ्यावर आपला खरा आकार दाखवतो. त्यात वर इंजिनची ताकदही घटलेली असते. मग आपण प्रत्येक हेअरपिनला हाफ क्लच मारत राहतो आणि क्लचचं काम वाढतं ते वेगळंच.

दुसरा शत्रू पाणी. बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं, म्हणजे डॉट ४. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरलेल्या तेलासाठीची मर्यादा आहे १५५ अंश. शिवाय ही ओल आतून सिलिंडर गंजवते आणि खडबडीत झालेला सिलिंडर रबरी सील खातो. ताजं तेल फिकट पिवळं, पारदर्शक दिसतं. आमच्या डबीतलं कटिंग चहासारखं होतं. मी ते रोज बघत होते आणि मला वाटायचं, त्याचा रंगच तसा असेल.

सरचूचे उस्ताद

सरचूच्या ढाब्यावर एक ट्रक उभा होता. मी हेल्मेट काढून अक्षरशः रडकुंडीला येऊन बसले होते. माझ्यामुळे दोघांचे दहा दिवस वाया जाणार, दादाची गाडी टेम्पोत घालून खाली न्यावी लागणार, त्याचा खर्च वेगळाच. ट्रकवाल्या काकांनी चहा पिता पिता विचारलं, 'क्या हुआ बेटा?' मी सांगितलं. ते उठले, लिव्हर दोनदा दाबून बघितला आणि हसले. 'ये तो हमारे ट्रक जैसा ही है.'

खरंच की! ट्रकलाही हायड्रॉलिक क्लच असतो. तोच मास्टर सिलिंडर, तोच स्लेव्ह, फक्त आकार मोठा.

त्यांनी डबी उघडली. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. मग ते गाडीच्या डाव्या बाजूला खाली बसले. या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरजवळ आहे. चेनचं काळं ग्रीस, चिखल, नाल्यांचं पाणी, सगळा कचरा तिथेच साचतो. त्यांनी तिथे बोट फिरवलं. बोटाला ओल लागली. ती इंजिन ऑइलची की क्लचची, हे कसं ओळखायचं? त्यांनी ते बोट पाण्याच्या ग्लासात बुडवलं. इंजिन ऑइल असतं तर तवंग आला असता. हे तेल पाण्यात मिसळून गेलं. 'क्लच का तेल है. सील गया.'

मग मी ते वाक्य उच्चारलं, ज्याची मला अजून लाज वाटते. 'लेकिन अंकल, निकलने से पहले लेवल फुल किया था.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'ब्रेक का तेल घटे तो सोचना पड़ता है, पैड घिसा या लीक है. क्लच का तेल घटे तो सोचना क्या? लीक ही है.'

हे एक वाक्य या लेखातून कापून पाकिटात ठेवा! ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो, त्याच्यामागची जागा भरायला तेल खाली जातं आणि डबीतली पातळी उतरते. क्लचमध्ये उलटं. प्लेट झिजल्या की दांडी मागे सरकते, स्लेव्हचा पिस्टन आत जातो आणि तेल परत डबीकडे ढकललं जातं. म्हणजे झिजलेल्या क्लचची पातळी वर चढते. ती खाली गेली तर कारण एकच, तेल कुठून तरी बाहेर जातंय. अशा वेळी नुसतं तेल भरणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यासारखं.

त्यांच्या केबिनमधून ब्रेक ऑइलची बाटली आली. आमच्या डबीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलेलं त्यांनी आधी वाचून घेतलं, मग बाटलीवरचं वाचलं. स्लेव्हच्या निपलला आठचा पाना लावला, निपलवर प्लॅस्टिकची नळी चढवली आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बाटलीत बुडवलं. मग सुरू झाली आमची जुगलबंदी.

'पंप मारो.' मी लिव्हर चार-पाच वेळा दाबला.

'दबा के रखो.' मी धरून ठेवला. त्यांनी निपल अर्धा आटा ढिला केला. नळीतून फसफसून बुडबुडे आले, लिव्हर हँडलला टेकला. त्यांनी निपल घट्ट केला.

'अब छोड़ो.' निपल बंद झाल्यावरच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर गेलेली हवा पुन्हा आत.

असं वीस-बावीस वेळा. मध्ये मध्ये मैत्रीण डबीत तेल ओतत होती, कारण डबी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. वारा असा, की बाटलीतले काही थेंब टाकीवर उडाले. हळूहळू लिव्हरमध्ये जीव आला. आधी मऊ, मग घट्ट. रात्री काकांनी लिव्हर दोरीने हँडलला बांधून ठेवायला सांगितलं. उरलेसुरले बारीक बुडबुडे त्यामुळे वर डबीकडे सरकतात म्हणे. सकाळी सोडला तर लिव्हर कालच्यापेक्षाही कडक!

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, आणि उरलेली बाटली माझ्या बॅगेत टाकली. 'रख लो, रास्ते में लगेगा.'

लागलं. सरचू ते लेह साधारण अडीचशे किलोमीटर. वाटेत चार वेळा थांबून मी डबी उघडली आणि रेघेपर्यंत तेल घातलं. क्लच फक्त सुटताना आणि थांबताना वापरला. चालत्या गाडीवर थ्रॉटल जरासा मिटून वरचे गिअर टाकायला शिकले. लेहमध्ये पोहोचले तेव्हा मला गाणी सुचत होती.

दादाचा फोन

लेहच्या मेकॅनिकने कव्हर उघडलं, सील दाखवलं. रबर कडक होऊन एका बाजूने फाटलेलं. काम एका तासाचं, सीलची किंमत हजाराच्या आत. पण ते सील लेहमध्ये नव्हतं! मी दादाला फोन केला. तो आधी विचारत बसला, मी ठीक आहे ना. मग म्हणाला, 'डबीत लेव्हल किती होती?'

'मिनिममच्या खाली. पण निघताना फुल होती ना रे?'

पलीकडे शांतता. मागे बाळाचा आवाज.

'मीच भरली होती,' दादा म्हणाला. 'त्याआधी दिवाळीतही एकदा. मला वाटलं ब्रेकसारखंच असेल, झिजलं की उतरतं.' मग थोड्या वेळाने, 'तू पडली असतीस तर गं?'

मला दादावर चिडताच आलं नाही. मी दोन वीकेंड गाडी सरकताना बघून गप्प बसले होते, तो दोनदा तेल भरून गप्प बसला होता. आमच्यापैकी एकानेही एकमेकांना साधं विचारलं असतं तर दोनात दोन मिळवता आले असते.

सील पुण्यात मिळालं, दादाच्या ऑफिसातला एक जण लेहला येत होता, त्याच्या खिशातून तिसऱ्या दिवशी पोहोचलं. आमचं पँगाँग बुडालं. दहा दिवसांतले तीन लेहच्या बाजारात थुक्पा खाण्यात गेले. दोघांनी मला माफ केलं, पण अजूनही दर भेटीत बिल मीच देते.

निघण्याआधी एवढं कराच!

तुमच्याकडे हिमालयन, डॉमिनार किंवा ३९० ॲडव्हेंचर असेल तर तुमचा क्लच केबलचा आहे. स्पेअर केबल घ्या आणि पुढचं पान उलटा. पण सुझुकी व्ही-स्ट्रॉम १०००, हायाबुसा, बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस, डुकाटी मल्टिस्ट्राडा १२०० अशा मोठ्या गाड्या असतील, किंवा तुमच्या दादाकडे असतील, तर ही यादी तुमच्यासाठी.

● महिनाभर आधी बघा, आदल्या रात्री नाही. मोठ्या गाड्यांचे पार्ट यायला वेळ लागतो. दोष सापडला तरी तो दुरुस्त करायला दिवस हवेत.

● आधी झाकण वाचा. डॉट ४ की मिनरल ऑइल, हे डबीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. केटीएम ९९० ॲडव्हेंचर आणि बीएमडब्ल्यूच्या काही जीएसमध्ये क्लचला मिनरल ऑइल लागतं. तिथे ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून निकामी होतात. उलटं केलं तरी तेच. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे, डॉट ५.१ वेगळं. नावावर जाऊन मिसळू नका.

● दोन वर्षांनी तेल बदला. गाडी चालो वा नुसती उभी राहो. बाटली सीलबंदच घ्या, गॅरेजमधली अर्धी उघडी नको.

● पातळीची नोंद ठेवा. मोबाइलमध्ये डबीचा फोटो काढा, महिन्याने पुन्हा काढा. खाली गेली तर लीक शोधा. काठोकाठ भरूही नका. तेल तापून फुगायला जागा लागते, नाहीतर क्लच अर्धवट दाबलेला राहून घसरायला लागतो.

● स्लेव्हचा परिसर साफ ठेवा. वर्षातून एकदा स्प्रॉकेट कव्हर काढून चेनचा चिकटा पुसा. ओल दिसली तर पाण्याच्या ग्लासाची टेस्ट करा.

● लिव्हरला किंचित मोकळीक हवी. फॅशनचे स्वस्त लिव्हर बसवले की कधी कधी ते पिस्टनला कायम टेकून राहतात. मग तेलाला डबीत परतायची वाट मिळत नाही.

● लक्षणं ओळखा. न्यूट्रल लागत नाही, गाडी सरकते? क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे हवा किंवा लीक. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. मग मोकळीक, पातळी आणि प्लेट बघा. इंजिन ऑइल जासो एमए किंवा एमए२ मार्कचंच वापरा, कारचं नको.

● बॅगेत काय? योग्य तेलाची छोटी सीलबंद बाटली, आठचा पाना (तुमच्या निपलचं माप आधी तपासा), दोन फूट पारदर्शक नळी, स्लेव्हचं सील किट, चिंध्या आणि डबीच्या झाकणाला लागणारा स्क्रूड्रायव्हर.

● रोज सकाळी एक मिनिट. लिव्हर दाबून धरा. हळूहळू आत जातोय का? स्लेव्हखाली जमीन ओली आहे का? मगच हेल्मेट घाला.

आणि हो, तेल ओतताना टाकीवर ओलं फडकं टाका. थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण हे तेल रंग खातं. सरचूला उडालेल्या थेंबांनी दादाच्या टाकीवर तीन छोटे डाग पाडलेत, रंग पार निघालाय. परत आल्यावर मी म्हटलं, 'टाकी रंगवून देते रे.' तर म्हणाला, 'राहू दे.'

हल्ली रविवारी सकाळी तो बाळाला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये येतो. मी मागच्याच आठवड्यात बघितलं. एका हाताने बाळ सांभाळत, दुसऱ्या हाताने मोबाइल धरून तो डबीचा फोटो काढत होता.